दिसतं तेवढं घर

डिसेंबरात नेदरलँड्समध्ये दुपारी साडेचारलाच दिवेलागण होते. घराघरांत दिवे लागतात, पडदे मात्र कुणी ओढत नाही. डेल्फ्ट, हार्लेम, लायडन, उट्रेख्त, गाव कुठलंही घ्या आणि तिथल्या साध्या रहिवासी गल्लीतून चालत निघा. दोन्ही हातांना मोठमोठ्या काचा आणि काचांमागे मांडलेले अख्खे संसार. एका घरात टेबलावर पार खाली लोंबणारा दिवा आणि त्याच्या उजेडात वही घेऊन बसलेली मुलगी. पुढच्या घरात एक बाप्या बटाटे सोलतोय. त्याच्या पुढच्या घरात आजोबा मोजे घातलेले पाय स्टुलावर टाकून टीव्ही बघताहेत आणि बातम्या कसल्या चालल्यात तेही आपल्याला फुटपाथवरून दिसतंय.

मराठी माणूस अशा गल्लीत आधी मान खाली घालतो. लोकांच्या घरात डोकावू नये, हे आपल्याला लहानपणीच धपाटा घालून शिकवलेलं असतं. चार घरं गेली की मान आपोआप वर होते. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत भिंतींचे रंग, पुस्तकांची कपाटं आणि लोकांचा जेवणाचा बेत, या सगळ्यावर आपलं मत तयार झालेलं असतं. राजवाडे, चर्चं, संग्रहालयं बघून होतात. पण या देशात माणसं राहतात कशी, सकाळी काय खातात, ओले कपडे कुठे वाळत घालतात, हे कुठल्याही सहल कंपनीच्या पत्रकात नसतं. इथे ते फुकट आणि पायी मिळतं. निदान तसं वाटतं खरं.

माझी भाची अॅम्स्टरडॅमला खेटून असलेल्या अॅम्स्टेलव्हेन गावात राहते. आयटीतल्या नोकऱ्यांमुळे तिथे भारतीयांची मोठी वस्ती झाली आहे आणि तिच्यात मराठी घरंही बरीच. पहिल्याच संध्याकाळी मी फिरायला निघाले तेव्हा तिने दारातच बजावलं, "मावशी, बघायचं तेवढं बघ, पण थांबू नकोस." तिथला सगळा शिष्टाचार या वाक्यात आला. चालता चालता नजर आत गेली तर कुणाला काही वाटत नाही. पाय थांबले की तुम्ही आगाऊ ठरता. आतल्या माणसाची नजर चुकून भेटलीच, तर किंचित मान हलवायची आणि पुढे व्हायचं. फोटो तर सोडाच.

हे असं का, याचं उत्तर प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. सगळ्यांचं लाडकं उत्तर कॅल्व्हिनचं. त्या धर्मसुधारकाच्या कडक पंथात वाढलेल्या समाजाला म्हणे ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे दाखवायचं असतं. पटण्यासारखं आहे, पण दक्षिणेकडचे ब्राबांट आणि लिम्बुर्ख हे प्रांत परंपरेने कॅथलिक, आणि उघड्या काचा तिथेही दिसतात. पडद्यांवर एकेकाळी कर होता, ही कथा गाईड मंडळी रंगवून सांगतात. ती ऐकावी आणि सोडून द्यावी. ५२ अक्षांशावरच्या ढगाळ देशाला उजेडाची हाव असते, हे खरं आहे. पण उजेड दिवसाचा. अंधार पडल्यावर पडदा ओढायला सूर्याची काय आडकाठी?

मुळात ही चाल आपण समजतो तितकी जुनी नाहीच. सतराव्या शतकातल्या डच खिडकीचा वरचा अर्धा भाग काचेचा असे आणि खालच्या अर्ध्याला लाकडी झडपा. उजेड वरून आत यायचा, रस्त्यावरची नजर खाली अडायची. पुढे सुखवस्तू घरांत जाड पडद्यांचे थर आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पांढऱ्या जाळीचे पडदे घरोघर होते आणि ते किती शुभ्र आहेत, यावरून घरच्या बाईची परीक्षा होई. चित्र पालटलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मे १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचा मध्यभाग जमीनदोस्त झाला होता. युद्ध संपलं तेव्हा देशभर घरांची भीषण टंचाई होती आणि मग एकासारख्या एक अशा घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. त्यांतली बैठकीची खोली पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत सलग, दोन्ही टोकांना भलीमोठी काच, म्हणजे ऊन एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडावं. जाळीचा पडदा या घरांत हळूहळू मागे पडला. आणि दोनेक पिढ्यांत लोक म्हणू लागले की आम्ही डच माणसं पहिल्यापासून अशीच.

डच खिडकीवर मानववंशशास्त्रज्ञांनी गंभीरपणे लिहिलेलं आहे. इरेने सिराड यांनी खिडकी, घरातली बाई आणि तिची अब्रू यांचे धागे उलगडले. २००६ साली हिल्ये व्हान डर होर्स्ट आणि यांतिने मेसिंग या दोघींनी निरनिराळ्या देशांतून आलेली कुटुंबं शेजारी शेजारी राहतात अशा एका वस्तीतल्या पडद्यांचा अभ्यास केला. पडदे बंद ठेवणं ‘डच नाही’, ही तिथली भावना त्यांनी थेट शीर्षकातच घातली. म्हणजे उघडी काच हा निव्वळ मोकळेपणा नव्हे. आपल्यात कोण मिसळलं आणि कोण नाही, हे ओळखायचं मापही तेच. मला हे वाचून बरं वाटलं. एवढा मोकळेपणा फुकट मिळत असेल, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

एकदा ही शंका आली की खिडक्या वेगळ्या दिसू लागतात. पडदा नसतो, पण खिडकीची रुंद फळी कधी रिकामी नसते. बहुतेक घरांत तिच्यावर दोन सारख्या फुलदाण्या, दोन सारख्या कुंड्या, दोन सारखे दिवे, मापात अंतर ठेवून मांडलेले असतात. ऑर्किडची फुलं रस्त्याकडे वळलेली. बाटलीतल्या जहाजाचं तोंड रस्त्याकडे. घरातल्यांना मागची बाजू दिसते, याचं कुणाला काही नाही. जुन्या गावांत काही घरांच्या खिडकीला बाहेरून एक छोटा आरसा तिरपा बसवलेला असतो. आत खुर्चीत बसल्या बसल्या गल्लीतून कोण येतंय, दारात कोण उभं आहे, ते त्यात दिसतं. आपण समजत असतो की आपणच त्यांना बघतोय.

आपल्याकडच्या जुन्या घरात परका माणूस ओसरीवर, ओळखीचा पडवीत आणि नात्यातला माजघरात, असे टप्पे होते. डच घरात ओसरीचं काम खिडकी करते. दिसायचं ते तिथे दिसतं, पण तेवढ्याने दार उघडत नाही. दारावरची बेल वाजवायची तर आधी ठरवून. जाता जाता सहज टेकलो, हा प्रकार तिथे फारसा नाही. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तर मुळीच नाही, कारण सहा ही जेवणाची वेळ. त्या वेळेला आलेल्या माणसाला ‘या, दोन घास खा’ असं कुणी म्हणत नाही. बटाटे माणशी मोजून उकडलेले असतात.

घराकडे असं बाहेरून बघण्याचा नाद या देशाला जुना आहे, आणि त्याचा पुरावा अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये टांगलेला आहे. डेल्फ्टच्या योहानेस व्हर्मियरने १६५८च्या सुमाराला रंगवलेली ‘छोटी गल्ली’. चित्र हातभरापेक्षा थोडंसंच उंच. ५४ सेंटिमीटर बाय ४४. तेलसम्राट हेन्री डेटरडिंग यांनी १९२१ साली ते संग्रहालयाला भेट दिलं. विटांचं जुनं घर, दारात शिवणकामात गुंतलेली एक बाई, फरशीवर ओणवी होऊन खेळणारी दोन मुलं, बोळात पिंपाशी वाकलेली मोलकरीण. चौघांपैकी एकाचंही लक्ष आपल्याकडे नाही. भिंतीला पडलेल्या भेगा विटांच्या सांध्यांत कशा बुजवल्या आहेत ते दिसतं; उंबऱ्यापलीकडे मात्र निव्वळ काळोख.

ही गल्ली नेमकी कुठली, याचा काथ्याकूट कितीतरी वर्षं चालला होता. २०१५ साली अॅम्स्टरडॅम विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्स ग्रैझनहाउट यांनी १६६७ सालची एक खातेवही पुढे आणली. कालव्याचा गाळ काढणं आणि धक्क्याची देखभाल यांसाठी कुठल्या घरमालकाने किती कर भरायचा, हे घराच्या रुंदीनुसार त्या वहीत नोंदलेलं होतं. घरांची आणि मधल्या बोळांची मापं बारकाईने लिहिलेली. दोन घरं आणि मध्ये दोन बोळ, असा चित्रातला मेळ त्यांच्या मते एकाच ठिकाणी बसतो. आजच्या फ्लामिंगस्ट्राटवरच्या ४० आणि ४२ क्रमांकांवर. उजवीकडचं घर व्हर्मियरच्या आत्याचं निघालं. ही विधवा बाई जनावरांची आतडी-कोथळे विकून मुलं वाढवत होती आणि घराशेजारच्या बोळाला त्यावरूनच नाव पडलं होतं. जगातल्या एका महाग चित्राच्या भिंतीआड वजडीचा धंदा होता, हे कळल्यापासून मला ते चित्र जास्त आवडू लागलं आहे. फ्लामिंगस्ट्राटवर आज जाऊन बघितलं तर कालवा आहे, सायकली आहेत, आणि त्या जागी एकोणिसाव्या शतकातली साधी घरं. लोक तिथे राहताहेत. नकाशा हातात धरून दारासमोर घोटाळणारे पर्यटक त्यांच्या सवयीचे झालेले असावेत.

व्हर्मियरच्याच काळात काही वर्षं डेल्फ्टमध्ये राहिलेला चित्रकार पीटर द होख उंबरा ओलांडून आत गेला. त्याच्या १६६३च्या एका चित्रात दोन बायका घडी केलेले कपडे कपाटात रचताहेत. बस, एवढंच. इस्त्रीचा ढीग कपाटात जातोय, हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्या काळी इतर देशांत कुणाला सुचलं असतं का, मला शंका आहे. पण त्याच राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमान या रेशीम व्यापाऱ्याच्या बायकोने १६८६ ते १७१० या काळात सजवलेलं बाहुलीघरही आहे. खेळण्यासाठी नव्हे, पाहुण्यांना दाखवण्यासाठी. त्यावर झालेल्या खर्चात कालव्याकाठी खरंखुरं घर आलं असतं. त्यात विणलेल्या वेताच्या इवल्या टोपल्या आहेत, कपड्यांची खोली आहे, चिनी मातीची इवली भांडी आहेत. आणि स्वयंपाकघरं दोन. एक चुलीचं, कामाचं. दुसरं चांगली भांडी मांडून ठेवायचं. खिडकीच्या फळीवरच्या दोन सारख्या फुलदाण्यांचं मूळ कुठे, हे शोधायला कुणी फार लांब जाऊ नये.

खऱ्या घरात शिरायला मला निमित्त मिळालं ते भाचीच्या शेजारणीच्या वाढदिवसाचं. या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. आमंत्रण तीन आठवडे आधी आलेलं, वेळ दुपारी तीन ते पाच. पाच म्हणजे पाच. आत शिरताच भाचीने आजींशी हात मिळवला आणि मग खोलीतल्या प्रत्येकाशी. ‘बहिणीच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन’, ‘आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन’. माझेही हात लोकांनी दाबले. आजींच्या शेजारणीच्या मावशीलाही अभिनंदन लागू होतं म्हणे. खुर्च्या भिंतीकडेने गोल मांडलेल्या, आणि त्यावर बसलं की बसलं. उठून इकडे तिकडे करायचं नाही. उजवीकडच्या मेहुण्याशी आणि डावीकडच्या पुतणीशी दोन तास बोलायचं. कॉफी आली, तिच्याबरोबर केकचा एक तुकडा. मग दुसरी कॉफी आणि एक बिस्कीट. बिस्किटांच्या डब्याचं झाकण लगेच लागलं. त्यानंतर चीजचे चौकोनी तुकडे आणि सॉसेजच्या चकत्या. पोट भरणं हा उद्देश नाही, हे एकदा लक्षात घेतलं की सोपं जातं. परदेशी लोक या गोल बैठकीची भरपूर टिंगल करतात. मला ती कंटाळवाणी वाटली, आणि कंटाळवाणी होती म्हणूनच खरी वाटली. बाहेरून दिसणाऱ्या कुठल्याच घरात मला कुणी कंटाळलेलं दिसलं नव्हतं.

मला खरी मोलाची गोष्ट मात्र सापडली ती संडासात. डच संडास म्हणजे कपाटाएवढी खोली, हात धुवायला वाटीएवढं बेसिन, त्याला फक्त गार पाण्याचा नळ. आणि बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर वाढदिवसांचं कॅलेंडर. हे घरोघर असतं. त्यावर महिने असतात, तारखा असतात, वार नसतात, त्यामुळे ते दरवर्षी बदलावं लागत नाही. आजींचं कॅलेंडर तीस-चाळीस वर्षं जुनं असावं. डिसेंबरच्या पानावर चार-पाच वेगवेगळ्या शाईंत नावं. काहींच्या पुढे जन्मसाल. दोन नावांपुढे बारीकसा क्रूस; माणसं गेली, तारखा राहिल्या. मी पुढची पानं उलटली. मार्चमध्ये निळ्या बॉलपेनने, एकेक अक्षर जपून काढत, भाचीच्या मुलाचं नाव लिहिलेलं होतं. स्पेलिंग चुकलेलं. भाचीला हे ठाऊक होतं का, म्हणून परतताना विचारलं, तर म्हणाली, "अगं, मागच्या वर्षी कार्ड आलं त्याला, टपालाने. शेजारच्या दारातून."

घर दाखवण्याचा या लोकांचा उत्साह पर्यटकांच्या गर्दीने अलीकडे थोडा आटला आहे. अॅम्स्टरडॅमच्या जुन्या भागात तळमजल्यावरच्या काचांना खालच्या अर्ध्यात दुधी फिल्म चिकटवलेली सर्रास दिसते. सतराव्या शतकातली झडप प्लास्टिकचं रूप घेऊन परत आली, असं म्हणायला हरकत नाही. खीटहोर्न या रस्त्यांऐवजी कालवे असलेल्या गावात लोक खासगी बागांत शिरतात. अॅम्स्टरडॅमच्या बेखाइनहॉफमध्ये एकेकाळी व्रतस्थ बायका राहत. त्यांच्यातली शेवटची १९७१ साली वारली. आज तिथे एकट्या राहणाऱ्या साध्या भाडेकरू बायका आहेत आणि त्यांच्या अंगणात जगभरचे लोक. आपलं घर पाहुण्यांना सुट्टीसाठी भाड्याने देण्यावर अॅम्स्टरडॅममध्ये २०१९ साली वर्षाला ३० रात्रींची मर्यादा आली. ज्यांना मनसोक्त बघायचं आहे, त्यांनी ‘हेट स्खिप’ला जावं. मिशेल द क्लेर्क या वास्तुरचनाकाराने बांधलेली ही कामगारांची इमारत १९२१ साली पुरी झाली. १९०१च्या गृहनिर्माण कायद्याने गरिबांच्या घरांसाठी सरकारी पैसा मिळू लागला, त्याचं हे देखणं फळ. तिथला एक फ्लॅट त्या काळच्या सामानासह जपलेला आहे. पलंग, शेगडी, किटली, सगळं थांबून न्याहाळा. फक्त तिथे कुणी राहत नाही.

आणि जे नव्याने राहायला येतात, त्यांनी पडद्याचं काय करायचं? भाचीने आल्या आल्या डोंबिवलीच्या सवयीने जाड पडदे लावले होते. पहिल्याच हिवाळ्यात तिला रात्रपाळीचं काम लागलं. सकाळी झोपायची, दुपारी उठायची, आणि पुढचे पडदे दिवसभर बंद. एक दिवस अकराला बेल वाजली. दारात शेजारच्या आजी. आत या म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "दोन दिवस पडदे बंद आहेत. घरात कुणी गेलंय का?" त्यांच्या पिढीत घरात मृत्यू झाला की पडदे ओढले जात, अंत्ययात्रा जाताना गल्लीतली इतर घरंही ओढत. कुणी गेलं नाही, रात्रपाळी आहे, हे कळल्यावर आजी "मग ठीक" म्हणून निघून गेल्या. भाचीला आधी राग आला. मग तिने पुढचे पडदे काढूनच टाकले. झोपायच्या खोलीचे ठेवले.

दिवाळीत तिने त्या उघड्या खिडकीत आकाशकंदील लावला. तिथे नाताळच्या आधी खिडक्यांत कागदी चांदण्यांचे दिवे लागतात. आजींना वाटलं हा त्यातलाच, जरा लवकर लावलेला. दिवाळीचा आहे कळल्यावर त्या म्हणाल्या, मग आता जानेवारीपर्यंत काढू नका, उगाच दोनदा कशाला शिडी लावायची. मी गेले तेव्हा तो तसाच होता.

याच दिवाळीला भाचीच्या सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. सुरुवातीला त्या दिवेलागणीला खिडकीवर चादर टाकायच्या. लेकराला दृष्ट लागेल, लोक काय खातोय ते बघतात, एक ना दोन. सून घरी आली की चादर काढायची. हा खेळ काही दिवस चालला. मी पोचले तोवर चादर कपाटात गेली होती आणि सासूबाईंनी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली होती. मांडीवर मटारच्या शेंगा सोलायचं ताट, नजर बाहेर. मला बघून त्यांनी समोरच्या रांगेकडे हनुवटीने खूण केली.

"त्या कोपऱ्यावरच्या घरात हल्ली सहाला जेवत नाहीत हो, चांगले पावणेसात होतात," त्या म्हणाल्या. "त्याने नोकरी बदललेली दिसते."